एफ-वन ते एच-वन: कायद्यात नसलेला साकव

पुण्या-मुंबईतून अमेरिकेला एमएसला जाणाऱ्या पोरांकडून व्हिसा इंटरव्ह्यूच्या आधी एक उत्तर अगदी पाढ्यासारखं घोटवून घेतात. खिडकीपलीकडच्या ऑफिसरने "शिकून झाल्यावर काय?" विचारलं की न अडखळता सांगायचं, परत येणार, आईवडील इथेच आहेत, घर आहे, मी एकुलता एक आहे वगैरे. पोरगं चाळीस-पन्नास लाखांचं लोन डोक्यावर घेऊन चाललेलं असतं, तिकडे तीन-चार वर्षं नोकरी केल्याशिवाय ते फिटत नाही हे पोराला माहीत, बँकेला माहीत आणि ऑफिसरलाही माहीत असतं. तरी प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. हे नाटक आलं कुठून, आणि मग एफ-वनवरून (विद्यार्थ्याचा व्हिसा) एच-वनवर (नोकरीचा व्हिसा) जायचा रस्ता नक्की बांधला कोणी, हे बघायला गेलं तर गंमत अशी की असा रस्ता कुणी बांधलेलाच नाहीये. कोकणात गावकरी ओढ्यावर लाकडं टाकून साकव घालतात, पावसात तो वाहून जातो, मग पुन्हा घालतात, तसा प्रकार आहे हा.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा व्हिसा ही भानगडच नव्हती. १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी परत आल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक वाट बघत होती. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर, आणि शिकून आल्यावर बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायचं असा करारच होता. म्हणजे शिकायला जायचं आणि परत यायचं हे तेव्हा कुणाला सिद्ध करायला लागत नव्हतं, सगळे तसंच धरून चालायचे.

१९१७ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदुस्थानसकट जवळजवळ अख्ख्या आशियाला दार लावून घेतलं, पण विद्यार्थ्यांसाठी फट ठेवली, आणि १९२४ च्या कायद्यातही ती राहिली. हिशोब साधा होता, मजूर नको, राहायला आलेला नको, शिकून परत जाणारा चालेल. त्याच काळात, १९२३ ला, सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये हिंदी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही असं सांगून टाकलं, त्यामुळे राहण्याचा प्रश्नच संपला. १९४६ ला तो निर्णय कायदा करून उलटवला खरा, पण भारताचा कोटा होता वर्षाला १००. शंभर लाख नाही, नुसते शंभर!

मग आला १९५२ चा इमिग्रेशन कायदा, जो आजही पायाला आहे. त्यात तात्पुरत्या येणाऱ्या लोकांची एक बाराखडीच केलीय, ए म्हणजे राजदूत, बी म्हणजे पाहुणे, असं करत करत एफ म्हणजे विद्यार्थी आणि एच म्हणजे कामाला येणारे. एफच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की ज्याचं परदेशात घर आहे आणि ते सोडायचा ज्याचा इरादा नाही असा माणूस. खिडकीवरचं ते नाटक या एका वाक्यामुळे होतं, आणि वाक्य अजून तिथंच आहे. एच-वनची भाषा तर आणखी भारी होती, 'विशेष गुणवत्ता आणि क्षमता' असलेला माणूस हवा, कामही तात्पुरतं हवं, आणि त्यालाही मायदेशी परत जायचंच होतं. आत्ताच पास झालेला, पहिली नोकरी शोधणारा मुलगा या व्याख्येत बसेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही.

पण त्याच कायद्यात कलम २४८ होतं, देशात असतानाच एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायची सोय. आपण 'व्हिसा बदलला' म्हणतो ते खरं म्हणजे चूक आहे, बदलतं ते स्टेटस. पासपोर्टवरचा स्टिकर एफ-वनचाच राहतो, आणि घरी येतो तो अप्रूव्हलचा कागद, ज्याच्या खालच्या भागात नवीन आय-९४, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारी चिठ्ठी, असतं, ते फाडून जपून ठेवायचं. नवा स्टिकर पाहिजे तर देशाबाहेर जाऊन वकिलातीत स्टॅम्पिंग. स्टेटस एक आणि स्टिकर दुसरा, हा घोळ ज्याला कळला त्याचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

कलम २४८ हे या साकवाचं एक लाकूड, दुसरं त्याच्याही आधीचं आहे. १९४७ च्या एका नियमात म्हटलं होतं की कॉलेजने शिफारस केली तर परदेशी विद्यार्थ्याला प्रॅक्टिकल ट्रेनिंग म्हणून सहा महिने काम करता येईल, आणि ते दोनदा वाढवून जास्तीत जास्त दीड वर्ष. हा संसदेने केलेला कायदा नव्हे, खात्याने केलेला नियम. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं इथूनच निघतात. याच ट्रेनिंगचं १९९२ ला ओपीटी (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग) असं बारसं झालं आणि मुदत ठरली १२ महिने. मूळ कल्पना अशी की शिकलेलं जरा हाताखालून घालायचं आणि मायदेशी जाऊन वापरायचं. झालं भलतंच, आणि ते होणारच होतं.

१९७० ला एच-वनचं काम तात्पुरतंच असलं पाहिजे ही अट गेली, म्हणजे कायमच्या जागेवरही माणूस घेता यायला लागला. पण खरी उलथापालथ १९९० ची. थोरल्या बुश यांनी त्या नोव्हेंबरात सही केलेल्या कायद्याने आजचा एच-वन-बी जन्माला घातला. 'विशेष गुणवत्ता' गेली आणि त्या जागी आलं असं काम की ज्याला निदान त्या विषयातली बॅचलर डिग्री लागते. वर्षाला ६५,००० चा कोटा, जास्तीत जास्त सहा वर्षं, आणि कंपनीने आधी लेबर खात्याला पगाराची हमी द्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मायदेशी घर असल्याची अट एच-वनवरून काढून टाकली. म्हणजे एच-वनवाल्याने ग्रीन कार्डाला अर्ज केला तरी कुणी डोळे वटारणार नाही. एफ-वनला मात्र अट तशीच. त्यामुळे एकच माणूस ३० सप्टेंबरला 'मी परत जाणार' असतो आणि १ ऑक्टोबरला, स्टेटस बदललं की, 'बघू' म्हणायला मोकळा!

सुरुवातीला ६५,००० भरतच नव्हते. मग आलं वायटूके (सन २००० उजाडल्यावर कॉम्प्युटर तारखेत गोंधळतील ही धास्ती) आणि डॉटकॉम, आपल्याकडून कोबोल ही जुनी कॉम्प्युटर भाषा येणाऱ्यांची विमानं भरभरून गेली, आणि कोटा १९९९ साठी १,१५,००० आणि २००१ पासून तीन वर्षं १,९५,००० झाला. त्या काळात एमएस करणाऱ्यांना एच-वन म्हणजे नुसता कागदपत्रांचा उपद्व्याप होता, नशिबाचा खेळ नव्हता. युनिव्हर्सिट्या आणि नफा न कमावणाऱ्या रिसर्च संस्था २००० मध्येच कोट्यातून वगळल्या, म्हणून पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करणारे या सगळ्यात निवांत असतात.

२००१ च्या सप्टेंबरनंतर विद्यार्थी म्हटलं की संशयच. मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला सहा महिने झाल्यावर, फ्लोरिडातल्या फ्लाइंग स्कूलकडे पत्रं आली की मोहम्मद अट्टा आणि त्याच्या साथीदाराचं विद्यार्थी स्टेटस मंजूर झालंय. मेलेल्या हल्लेखोरांना मंजुरी! त्या नाचक्कीनंतर २००३ ला सेव्हिस नावाची कॉम्प्युटर सिस्टिम सक्तीची झाली, आणि तेव्हापासून पत्ता बदलला, क्रेडिट कमी घेतले, ओपीटीवर नोकरी सुटली, सगळ्याची नोंद. ओपीटीच्या पहिल्या बारा महिन्यांत आज ९० दिवसांच्या वर बेकार राहता येत नाही, ते दिवस याच सिस्टिममध्ये मोजले जातात.

२००३ च्या ऑक्टोबरात कोटा परत ६५,००० वर आला, आणि त्यातले ६,८०० चिली-सिंगापूरसाठी बाजूला. ओरड झाल्यावर २००४ मध्ये अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २०,००० दिले. शिकून तिथेच राहणाऱ्याला संसदेने स्वतःहून काही दिलं असेल तर ते एवढंच.

२००७ चा एप्रिल मला चांगला आठवतो. मी तेव्हा टेक्सासमध्ये शिकत होतो आणि माझा सांगलीचा रूममेट मेमध्ये पास होणार होता. अर्ज एप्रिलमध्ये आणि डिग्री मेमध्ये, म्हणजे मास्टर्सच्या वीस हजारांत बसत नाही, बीईच्या जोरावर जनरल कोट्यात उभं राहा. १ तारखेला रविवार होता म्हणून २ एप्रिलला अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि पहिल्या दोन दिवसांतच लाखाच्या वर अर्ज येऊन पडले. मग लॉटरी. जूनच्या आसपास कंपनीच्या वकिलाकडे अख्खं बाड परत आलं, अडीच बोटं जाड, वर न वटवलेला चेक तसाच क्लिपला. पोराने दोन दिवस कुणाशी बोलणंच टाकलं होतं. पैसे परत आले याचं कुणाला सुख.

त्याला वाचवलं ते पुढच्या एप्रिलने. मार्च २००८ मध्ये बिल गेट्स संसदेच्या समितीपुढे जाऊन म्हणाले की आम्हाला माणसं मिळत नाहीत, कंपन्यांचा रेटा आधीपासून होताच, आणि ८ एप्रिलला बुश सरकारने नियम काढला की सायन्स, इंजिनिअरिंग, गणितवाल्यांना ओपीटी आणखी १७ महिने, फक्त कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (माणसाला कामाची परवानगी आहे का ते तपासायची सरकारी ऑनलाइन सिस्टिम) पाहिजे. बारा आणि सतरा एकोणतीस, म्हणजे लॉटरीच्या खेपा वाढल्या. त्याच नियमात कॅप-गॅप आला, म्हणजे ओपीटी संपल्यापासून एच-वन सुरू होतो त्या १ ऑक्टोबरपर्यंतचे मधले महिने घरी बसायला नको. रूममेटच्या कंपनीत जेमतेम पंधरा माणसं, ई-व्हेरिफाय म्हणजे काय हेही मालकाला माहीत नव्हतं, आम्ही दोघांनी रात्री बसून त्याच्या रजिस्ट्रेशनच्या पायऱ्या लिहून दिल्या.

हा नियम कुणाच्या हरकती-सूचना न मागवता घाईत काढलेला, आणि तेच नडलं. अमेरिकन टेक कामगारांच्या वॉशटेक संघटनेने दावा ठोकला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश एलन ह्युव्हेल यांनी नियमच रद्द केला, वर सरकारला सहा महिने दिले. त्या सहा महिन्यांत ओपीटीवरच्या हजारो पोरांच्या झोपा उडाल्या. शेवटी मे २०१६ पासून नवा नियम, आता १७ नाही तर २४ महिने, पण कंपनीने ट्रेनिंगचा आराखडा भरून द्यायचा. संघटना परत कोर्टात, अपील कोर्टाने २०२२ ला दोन विरुद्ध एक मताने ओपीटी उचलून धरलं आणि २०२३ ला सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला. त्या लोकांची एक तक्रार मात्र मला अगदीच खोटी वाटत नाही. एफ-वनवरच्या माणसाला पहिली पाच वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे पैसे भरावे लागत नाहीत, कंपनीचेही ७.६५ टक्के वाचतात, म्हणजे त्याच पगारात तिथला पोरगा महाग पडतो.

मधे एक उलटा काळही होता, मंदीत २००९ चा कोटा भरायला डिसेंबर उजाडला. पण २०१३ पासून दर वर्षी लॉटरीच. २०२० ला जाडजूड बाडं बंद होऊन १० डॉलरचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन आलं, आणि स्वस्त म्हटल्यावर आपल्या देसी कन्सल्टन्सीवाल्यांनी एकेका पोराच्या नावाने तीन-तीन, चार-चार कंपन्यांतून चिठ्ठ्या टाकल्या. २०२३ ला पात्र रजिस्ट्रेशन ७,५८,९९४ झाली, त्यातली ४,०८,८९१ एकापेक्षा जास्त चिठ्ठ्या असलेल्या लोकांची. सरळ मार्गाने एकच चिठ्ठी टाकणारे बसले हात चोळत. पुढच्या वर्षी माणूस मोजायचा, चिठ्ठी नाही, असा नियम केला तसा आकडा ४,७०,३४२ वर आला, आणि २०२५ ला फी २१५ डॉलर झाल्यावर ३,४३,९८१ वर.

आणि मग १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार संध्याकाळ. ट्रम्प यांनी नव्या एच-वन अर्जावर १,००,००० डॉलर लावले. सुट्टीवर भारतात आलेले लोक मिळेल त्या तिकिटाने परत धावले, काही तर निघायच्या बेतात असलेल्या विमानातून उतरले. महिनाभराने, २० ऑक्टोबरला, खुलासा आला की देशात राहून स्टेटस बदलणाऱ्याला ही रक्कम नाही. म्हणजे १९५२ च्या त्या कलम २४८ ची किंमत एकदम लाख डॉलर झाली! डिसेंबरात आणखी एक नियम पक्का झाला, की लॉटरीत पगाराच्या सगळ्यात वरच्या पातळीवाल्याच्या चार चिठ्ठ्या आणि सगळ्यात खालच्याची एक. आत्ता पास झालेली पोरं बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पातळीवर असतात, तेव्हा काय ते समजा.

त्या खुलाशात एक बारीक मेख आहे. स्टेटस बदलायचा अर्ज पडून असताना देश सोडला तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात, हे जुनंच आहे, पण आता तसं झालं की लाख डॉलर लागू. अर्ज जातात एप्रिल ते जून, आणि आपल्याकडे लग्नसराई ऐन मेमध्ये. ओळखीतल्या एका घरी सख्ख्या बहिणीचं लग्न आहे, हॉल बुक झालाय, आणि भाऊ न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकणार आहे.