विवादित येण्यावरील समापन अर्ज

विवादित येण्यावरील समापन अर्ज : येणे थकले म्हणून कंपनीच मोडीत काढावी, अशी धनकोने न्यायालयात केलेली मागणी, कंपनीचे म्हणणे मात्र असते की हे देणे आपण लागतच नाही. व्यापाऱ्यांच्या आणि वकिलांच्या तोंडी ‘वाइंडिंग-अप पिटिशन’ हाच शब्द आहे. कंपनी खरोखर बंद पडावी अशी अर्जदाराची इच्छा क्वचितच असते. त्याला पैसे हवे असतात, आणि हा अर्ज म्हणजे पैशांसाठी धरलेले मानगूट असते.

कंपनी अधिनियम, १९५६ च्या कलम ४३३ नुसार देणी भागवण्यास असमर्थ ठरलेल्या कंपनीचे समापन उच्च न्यायालय करू शकत असे. असमर्थता दाखवण्यासाठी तिचे ताळेबंद चाळत बसायची गरज नव्हती. येणे ५०० रुपयांहून जास्त असले की कलम ४३४ खाली कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर नोटीस बजवायची. तीन आठवड्यांत पैसे किंवा समाधानकारक तारण मिळाले नाही, तर कंपनी असमर्थ आहे असे कायदाच धरून चाले. दिवाणी दाव्यात साक्षीपुरावे, उलटतपासणी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. इथे एक नोटीस आणि एक अर्ज. लोक या वाटेने जाणार नाहीत तर काय!

अर्जाची खरी नांगी जाहिरातीत होती. मुंबई उच्च न्यायालयात अर्ज दाखल करून घेतला (म्हणजे सुनावणीसाठी स्वीकारला) की आदेशाच्या शेवटी एक ठरीव मजकूर येई : इंग्रजी ‘फ्री प्रेस जर्नल’, मराठी ‘नवशक्ति’ आणि महाराष्ट्र शासन राजपत्र यांत जाहिरात द्यावी, आणि त्या खर्चापोटी अर्जदाराने प्रोथोनोटरीकडे (न्यायालयाच्या मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्याकडे) बहुधा १०,००० रुपये भरावेत. चार ओळींची ही जाहिरात छापून आली की माल पुरवणारे रोखीची अट घालू लागत आणि बँक हात आखडता घेई. अर्ज पुढे फेटाळला गेला तरी गेलेली पत परत येत नसे. म्हणूनच नॅशनल कॉन्ड्युट्स प्रकरणात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जाहिरात आपोआप निघत नाही. आधी कंपनीला नोटीस काढून अर्ज का दाखल करून घेऊ नये हे विचारता येते.

विवादाच्या कसोटीचा मुख्य निवाडा मुंबईतूनच वर गेलेल्या मधुसूदन गोर्धनदास विरुद्ध मधु वूलन इंडस्ट्रीज या प्रकरणातला (१९७१). देण्याबद्दलचा वाद प्रामाणिक असेल आणि बचावात दम असेल, तर समापनाचा आदेश नाही. धनकोने दिवाणी दावा लावावा. देणे निर्विवाद असेल, तर ‘ऐपत आहे, पण याचे पैसे देणार नाही’ हा बचाव चालत नाही. देणे आहे हे नक्की, घोळ फक्त नेमक्या आकड्याचा, अशा वेळीही आदेश होऊ शकतो.

वाद प्रामाणिक की बनावट, हे बहुतेक वेळा तारखांवरून कळते. माल खराब निघाल्याची डेबिट नोट (देण्यातून रक्कम वजा केल्याची लेखी सूचना) चलनानंतर पंधरा दिवसांत गेली असेल तर ती वजनदार. लेजरची बाकी सही-शिक्क्यानिशी मान्य केली, आणि वकिलाची नोटीस हाती पडल्यावर मालातला दोष आठवला, तर तो पडदा. अधल्यामधल्या प्रकरणांत न्यायालये रक्कम भरायला सांगत : भरली तर वाद दिवाणी न्यायालयात, नाही भरली तर अर्ज दाखल करून घेतला जाई.

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ आल्यावर हे काम राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे (एनसीएलटी) गेले. आता थेट समापन नाही. आधी कंपनी सावरण्याची प्रक्रिया, आणि तेवढ्या काळापुरते संचालक मंडळ निलंबित. माल वा सेवा पुरवणाऱ्या धनकोने मागणीची नोटीस द्यायची, कंपनीने दहा दिवसांत वाद दाखवायचा. थकबाकीची किमान मर्यादा मार्च २०२० मध्ये १ लाखावरून १ कोटीवर गेली आणि लहान पुरवठादारांची ही वाट बहुतांशी बंद झाली.

‘वाद’ म्हणजे किती वाद, हे मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा प्रकरणात (२०१७) ठरले. टीव्हीवरच्या एका नृत्यस्पर्धेच्या फोन-मतदानाचे काम मोबिलॉक्सने किरुसाला दिले होते. किरुसाने आपल्या संकेतस्थळावर त्या कामाचा उल्लेख केला, हा गोपनीयतेच्या कराराचा भंग आहे, म्हणून बिले रोखली, असा बचाव होता. तो शेवटी टिकेल की नाही हे न्यायाधिकरणाने पाहायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. वाद नोटिशीच्या आधीपासूनचा हवा आणि तो निव्वळ हवेतला नसावा, एवढे पुरे. कसोटी जुन्यापेक्षा कंपनीला बरीच सोयीची झाली, हे उघड आहे.

बँकांना मात्र हा अडसर नाही. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजने महाराष्ट्राच्या १९५८ च्या साहाय्यित उपक्रमांच्या (सरकारने सवलत दिलेल्या उद्योगांच्या) कायद्याखाली आपली देणी स्थगित असल्याचा बचाव आयसीआयसीआय बँकेविरुद्ध घेतला. तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. वित्तीय कर्ज देय झाले आणि थकले, एवढेच पाहायचे. त्यावर वाद आहे म्हणून अर्ज अडत नाही.

कंपनीवर आधीच बजावले गेलेले जुने अर्ज उच्च न्यायालयांतच राहिले. त्यांतला सर्वांत गाजलेला स्पाइसजेट या विमान कंपनीविरुद्धचा. इंजिनांच्या देखभालीचे सुमारे २.४ कोटी डॉलर येणे स्विस कंपनीने क्रेडिट स्वीस बँकेकडे वर्ग केले होते. त्या स्विस कंपनीकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता नव्हती, म्हणून देणे लागू होत नाही, असा स्पाइसजेटचा बचाव. काम करून घेतले, बिले स्वीकारली, मग मान्यतेचा मुद्दा काढला, हे मद्रास उच्च न्यायालयाला पटले नाही आणि ६ डिसेंबर २०२१ रोजी समापनाचा आदेश झाला. खंडपीठाने अपील फेटाळले, जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत उभय पक्षांत तडजोड झाली. विमाने या सगळ्या काळात उडतच होती.