पार्श्वभूमी: सीओचे पदक आणि १९८० ची रेघ

२६ जुलै आणि १६ डिसेंबर जवळ आले की ठाणे, वाशी, नेरूळकडच्या सोसायट्यांमध्ये निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या सत्काराचे फलक छपाईला जातात. जवानाचे किंवा कंपनी कमांडरचे पदक लिहिताना फारसा गोंधळ होत नाही. तो होतो पायदळाच्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या, म्हणजे सीओच्या नावापुढे. १९७१ च्या सीओचे वीरचक्र आणि १९९९ च्या सीओचे युद्ध सेवा पदक शेजारी छापले की वाचणारा दुसऱ्याला कमी लेखून मोकळा होतो. हा अन्याय आहे.

इंग्रजांच्या काळात हा प्रश्न नव्हता. १८८६ पासून चालत आलेल्या डीएसओत, म्हणजे 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' या ब्रिटिश पदकात, शत्रूसमोरचे नेतृत्व आणि धैर्य दोन्ही जमेस धरले जाई. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात कांगॉच्या लढाईत एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे सीओ भारतीय होते, त्यांतला एक कोल्हापूरकडचा मराठी. तिघांनाही डीएसओ मिळाले.

२६ जानेवारी १९५० ला परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रे सुरू झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. म्हणूनच ऑक्टोबर १९४७ मध्ये बारामुल्लाजवळ कामी आलेल्या सीओच्या नावावर महावीरचक्र दिसते. तारीख आधीची आहे म्हणून ती चूक समजू नये. खरी उणीव वेगळीच होती. तिन्ही चक्रे शौर्याची, आणि डीएसओने मोकळी केलेली जागा भरणारे युद्धातल्या नेतृत्वाचे स्वतंत्र पदक मात्र नव्हते. पुढची तीस वर्षे सीओने पलटण कशी लढवली, याचेही मोल चक्रांतूनच होत राहिले.

जमालपूर हे त्याचे ठळक उदाहरण. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जंगी पलटणीने, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीने, जमालपूरच्या दक्षिणेला टांगाईलचा रस्ता रोखून धरला. शरण येण्यास सांगणाऱ्या पत्राला समोरच्या पाकिस्तानी बलुच पलटणीच्या सीओने उत्तर पाठवले, तेही बंदुकीची गोळी गुंडाळून. १०-११ डिसेंबरच्या रात्री वेढा फोडू पाहणारी ती पलटण या अडथळ्यावरच मोडली, आणि मराठे पुढे टांगाईलजवळ उतरलेल्या छत्रीधारी सैन्याला जाऊन मिळाले. मराठ्यांच्या सीओला वीरचक्र मिळाले. त्यात जागेची निवड, संयम आणि रात्रभर पलटणीवर ठेवलेला ताबा यांचाही वाटा होता.

२६ जून १९८० ला सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा अशी तीन पदके आली. ती युद्धकाळातल्या विशिष्ट सेवेसाठी आहेत, शौर्यपदके नव्हेत. इथून सीओच्या शिफारशीला दोन वाटा फुटल्या.

कारगिलमध्ये त्या दिसल्या. तोलोलिंगवर मे १९९९ पासून १८ ग्रेनेडियर्स झुंजत होती, तिचा टू आय सी, म्हणजे सीओनंतरचा दुसरा अधिकारी, तिथेच कामी आला. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने शिखर घेतले. पुढे ४ जुलैला टायगर हिलच्या माथ्यावर ग्रेनेडियर्स पोहोचल्या आणि त्याच पलटणीत एक परमवीरचक्र आले. पण सीओंची पदके पाहा: राजपुतानाच्या सीओला वीरचक्र, ग्रेनेडियर्सच्या सीओला युद्ध सेवा पदक. दोन्ही पलटणी एकाच डोंगराला भिडल्या होत्या. माझ्या मते या दोन पदकांतला फरक पराक्रमाचा कमी आणि शिफारस कोणत्या रकान्यात लिहिली गेली याचा जास्त आहे.

जवानांच्या शिफारशी सीओ लिहितो, सीओची लिहितो ब्रिगेड कमांडर. तिथून ती डिव्हिजन, कोअर, कमांड अशी वर चढते. गोळीबारात सीओ स्वतः कोणत्या क्षणी कुठे होता, हे नेमके नोंदले गेले तर चक्राची बाजू बळकट होते. वायरलेसवरून चार कंपन्या हलवल्या, तोफांचा मारा जुळवला, दारूगोळा वर पोहोचवला, एवढेच कागदावर आले तर ती 'सेवा' ठरते. पलटण मात्र या दोन्हींशिवाय लढत नाही.

या फरकाचे परिणाम घरापर्यंत येतात. वीरचक्राला केंद्राचा मासिक भत्ता आहे, युद्ध सेवा पदकाला नाही. छातीवरच्या क्रमात युद्ध सेवा पदक वीरचक्र आणि शौर्यचक्राच्या पाठोपाठ लागते, पण उत्तम युद्ध सेवा पदक वीरचक्राच्याही आधी. त्यामुळे क्रमावरून शौर्य मोजता येत नाही. सेना पदकाचेही तसेच. ते शौर्याचे आणि विशिष्ट सेवेचे असे दोन प्रकारचे असते, म्हणून फलकावर कंसात प्रकार लिहावाच.

मजकूर कुटुंबाच्या आठवणीवर सोडू नये. राजपत्रातील अधिसूचना मिळवावी आणि पदकापुढे कारवाईची तारीख घालावी, प्रसिद्धीची नव्हे, कारण डिसेंबरच्या लढाईची अधिसूचना पुढच्या वर्षीची असू शकते. उलट दिशेनेही चूक होते. पूर्वेकडच्या आटग्रामवरच्या हल्ल्यासाठी गुरखा पलटणीच्या एका मराठी सीओला महावीरचक्र मिळाले, आणि ती कारवाई नोव्हेंबर १९७१ ची आहे. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले म्हणून कुणी ती तारीख 'दुरुस्त' करून डिसेंबर करू नये.