पोट उडतंय का, ते बघा

पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडून तान्हं लेकरू पदराखाली घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आलेली बाई डॉक्टरांना सांगते, "रात्रीपास्नं प्वाट उडतंय बघा पोराचं." या एका वाक्यात न्यूमोनियाचं निदान बहुतेक होऊन गेलेलं असतं. हे वैद्यकशास्त्राने कबूल करायला मात्र १९८० चं दशक उजाडलं.

फुप्फुसात संसर्ग झाला की ते ताठर होतं, सहज फुगत नाही. बाळ सगळा जोर लावून हवा ओढतं. त्याच्या बरगड्या अजून मऊ असतात, त्यामुळे श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग खपाटीला जातो आणि पोट वर येतं. आपल्या आज्ज्या यालाच 'डबा झालाय' म्हणायच्या. त्यांचं पाहणं अचूक होतं. चुकत होता तो उपाय: कुठे पोटावर बिब्बा, कुठे तापलेली सळई. डागाची जखम व्हायची ती व्हायचीच, पण त्याहून वाईट म्हणजे 'आता उतार पडेल' म्हणून वाट बघण्यात मोलाचा दिवस जायचा. त्या बायकांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांच्या हाताशी दुसरं काही नव्हतं.

सीपीआर, म्हणजे संस्थानकाळातलं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, शहराच्या मध्यात. पुस्तकातल्या न्यूमोनियाला स्टेथोस्कोप लागायचा, एक्स-रे लागायचा, आणि ते वापरणारा डॉक्टर लागायचा. हे सगळं शहरात, आजारी मूल वाडीवर.

हे अंतर तोडणारी वाट दूरच्या पापुआ न्यू गिनीतून निघाली. गोरोका इथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान यांनी १९८४ च्या सुमारास दोन गोष्टी पुढे आणल्या. तिथल्या मुलांच्या गंभीर न्यूमोनियामागे बहुतेक वेळा जिवाणू होते, म्हणजे साधं प्रतिजैविक उपयोगी पडणार होतं. आणि न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला किती श्वास आणि छाती आत ओढली जाते का, एवढं पाहिलं तरी बरंच साधत होतं. १९८८ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी वयाप्रमाणे आकडा वेगळा धरावा असं दाखवलं. त्यातून आज आशाताईंना पाठ असलेली मोजणी पक्की झाली: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०.

पण मोजणार कोण? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांनाही न्यूमोनिया ओळखून गोळ्या द्यायला शिकवलं. १९९० मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी कमी होते. अनेक दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी केली. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर औषध द्यायचं. या पाटीबद्दल वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ तिचाच विचार करत बसलो होतो. कुणाला मोजता येत नाही म्हणून तिला कामातून वगळण्याऐवजी मोजण्याची रीतच बदलली.

पुढचं सरकारी पातळीवर झालं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९९० च्या दशकात मुलांचे नेहमीचे आजार एकत्र तपासण्याची पद्धत बसवली. भारताने २००३ पासून तीत नवजात बाळांची भर घातली. २००५ नंतर आशा आल्या, २०१४ मध्ये राज्यात १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूवरची न्यूमोकोकल लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर पोचली.

मुलांचे आजार एकत्र तपासण्याच्या या पद्धतीतली धोक्याची लक्षणं ठरलेली आहेत: मूल अंगावर पीत नाही किंवा पाणीही घेत नाही, घेतलेलं सगळं उलटून पडतं, झटके आले, गुंगीत आहे, हाक मारली तरी डोळे उघडत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मोजायचं असेल तेव्हा बाळ शांत हवं. रडताना किंवा पिताना केलेली मोजणी फसवते. कुंची, स्वेटर, झबलं वर सारून पोट उघडं करायचं, उजेडाकडे धरायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. घाटावरच्या धुवांधार पावसात वीज गेलेली असेल, तर बॅटरीचा झोत पोटावर तिरका पाडायचा. बरगड्यांखालचा खळगा सावलीने स्पष्ट दिसतो.