गुंता कुठे कापायचा?

११ सप्टेंबर २००१च्या सकाळपासून सलग ६६ दिवस रॉयटर्स या वृत्तसंस्थेने अमेरिकेवरील हल्ल्यासंबंधी दिलेल्या सगळ्या बातम्यांचं ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या स्टीव्ह कॉर्मन आणि केव्हिन डूली यांनी शब्दजाळं विणलं. शब्द म्हणजे बिंदू. दोन शब्द एकाच वाक्यात आले की त्यांच्यात रेषा. तीच जोडी पुन्हा आली की रेषेचं वजन वाढतं. पुढे फेब्रुवारी २००२मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या परिषदेत हेच जाळं चित्ररूप देण्यासाठी अभ्यासकांपुढे ठेवलं गेलं. त्यात १३,३३२ बिंदू होते आणि २,४३,४४७ रेषा!

एवढ्या रेषा एकदम काढल्या, तर पडद्यावर नुसता काळा गुंता दिसतो. पण एकापेक्षा जास्त वजनाच्या रेषा त्यात फक्त ५०,८५९ आहेत. उरलेल्या, म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के, एकदाच जुळलेल्या जोड्यांच्या. त्या काढल्या की गुंता सुटू लागतो.

खरा पेच मात्र इथेच आहे. कुठलीही नवी बातमी जन्मते तेव्हा तिच्या रेषेचं वजन फक्त एक असतं; हलक्या रेषा काढल्या की तीही गळते. ५ ऑक्टोबरला फ्लोरिडात अँथ्रॅक्सचा पहिला बळी गेला, ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर बॉम्बहल्ले सुरू झाले. सगळ्या दिवसांची एकच बेरीज केली, तर कोणता विषय कधी उगवला ते कळत नाही. म्हणून मला दिवसवार जाळी जास्त मोलाची वाटतात.

चित्रात बिंदूंच्या जागा कशा ठरतात? बिंदू एकमेकांना दूर ढकलतात, रेषा स्प्रिंगसारख्या जवळ ओढतात, आणि ही ओढाताण निवळेपर्यंत संगणक गणित करत राहतो. फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांची १९९१ची पद्धत अशीच आहे. वर-खाली, डावं-उजवं याला इथे अर्थ नसतो. सुरुवातीच्या जागा बदलून तेच गणित पुन्हा केलं, तर चित्र वेगळं येऊ शकतं. घट्ट जुळलेले पुंजके तेवढे पाहावेत.

मराठी बातम्यांचं जाळं विणताना आणखी एक काम आधीच करावं लागतं. ‘पुणे’, ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ ही रूपं एकाच शब्दाची आहेत, हे संगणकाला शिकवावं लागतं. नाहीतर एका शहराचे तीन बिंदू होतात, वजन तिघांत वाटलं जातं, आणि हलक्या रेषा गाळताना पुण्याच्या कितीतरी खऱ्या जोड्याही गळून पडतात.