तुटका बोल्ट, ईझी-आउट आणि तुरटी

इंदुरात रामबाग, राजेंद्रनगरकडच्या जुन्या मराठी घरांत अजूनही एखादी ॲम्बेसेडर नाहीतर फियाट कव्हर पांघरून उभी दिसते. आजोबांनी घेतलेली, म्हणून विकवत नाही. मग एखाद्या दिवाळीच्या सुट्टीत घरातला कुणीतरी ती ‘चालू करायची’ म्हणून बाह्या सरसावतो आणि पहिला हात घालतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाला, कारण तिथूनच फटफट आवाज येत असतो. नट हलत नाही. पान्याला पाइप लावून जोर वाढवला जातो, आणि पाना एकाएकी हलका होतो. नटासकट अर्धा स्टड (इंजिनात रुतवलेला बिनडोक्याचा बोल्ट) हातात, उरलेला अर्धा इंजिनात.

गॅरेजवाल्याची पहिली सूचना बहुधा ठरलेली असते : ‘‘भिया, ईझी-आउट मार देते हैं.’’ माझ्या मते त्या घडीची ही सर्वांत वाईट सूचना आहे.

ईझी-आउट म्हणजे कडक पोलादाचा, उलट्या आट्यांचा, निमुळता दांडा. तुटक्या तुकड्याला मधोमध भोक पाडायचं, त्यात तो घालून उलटा फिरवायचा, तो रुतत जातो आणि तुकडा बाहेर येतो. ही झाली कल्पना. आता हिशेब करू. गोल दांडा पीळ किती सोसेल, हे त्याच्या व्यासाच्या घनावर ठरतं. व्यास निम्मा केला की ताकद निम्मी नाही, एक अष्टमांश होते. 8 मिलिमीटरच्या बोल्टचा आट्यांच्या तळाशी व्यास साधारण 6.6 मिलिमीटर भरतो. त्यात मावणाऱ्या ईझी-आउटची मान 4 मिलिमीटरची धरली, तर त्याच पोलादाची असताना ती बोल्टच्या जेमतेम 22 टक्के पीळ सोसेल. ईझी-आउटचं पोलाद बोल्टच्या तिप्पट मजबूत मानलं, तरी गाडी 66 टक्क्यांपर्यंतच जाते. ज्या पिळाने अख्खा बोल्ट तुटला पण सुटला नाही, तिथे हा बापडा काय करणार? शिवाय तो पाचरीसारखा रुततो, म्हणजे तुकड्याला आतून फुगवून भोकाच्या भिंतीवर आणखी दाबतो. तो आत मोडला, की साधं ड्रिल त्याच्यावरून नुसतं घसरतं.

मग ईझी-आउट कधी चालतं? बोल्ट वापरात, थकव्याने तुटला असेल तेव्हा. हजारो वेळा ताण येऊन-जाऊन एक बारीक चीर वाढत जाते आणि एके दिवशी बोल्ट जातो. अशा तुटीच्या तोंडावर बहुतेक वेळा गुळगुळीत भाग आणि त्यावर लाटांसारख्या रेघा दिसतात. तुटताक्षणी बोल्टमधला ताण संपलेला असतो, गंजानेही धरलेलं नसलं तर तुकडा कधीकधी सुईच्या टोकानेसुद्धा फिरतो. तेव्हा हत्यार शोधण्याआधी टॉर्च लावून तुटलेलं तोंड पाहावं. सोडवताना तुटला असेल, तर दोष आट्यांमधल्या गंजाचा आहे आणि इलाज त्या गंजावर करायला हवा.

लोखंड गंजलं की त्याची जागा दुपटीहून जास्त होते. आट्यांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, तीत हा गंज ठासून बसतो. पातळ तेल त्यात शिरतं ते केशाकर्षणाने, पण त्याला वेळ लागतो. संध्याकाळी तेल सोडून सकाळी हात लावणारा, फवारा मारून लगेच पाना उचलणाऱ्यापेक्षा पुष्कळदा पुढे असतो.

खरा उपाय उष्णता. तुकड्यावर नट ठेवून तो आतून वेल्ड करतात. नटाने पकड मिळते हे दिसतंच, पण त्याहून मोठं काम आत होतं. लालबुंद झालेला तुकडा फुगू पाहतो, भोवतीचं थंड धातू त्याला फुगू देत नाही. तापून मऊ झालेलं पोलाद मग स्वतःतच दबतं आणि निवल्यावर आधीपेक्षा किंचित बारीक होतं. गंजाची पकड तडकते. निवत असताना मेणबत्तीचं मेण लावलं तर ते वितळून आट्यांत ओढलं जातं. मात्र तापलेल्या बिडावर (ओतीव लोखंडावर) पाणी ओतायचं नाही, बीड चिरतं. आणि आधी क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर मारला असेल तर तिथे वेल्डिंग करायचंच नाही, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

इथे गाडी कोणती हे महत्त्वाचं. ॲम्बेसेडरच्या जुन्या 1489 सीसीच्या पेट्रोल इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बिडाचं, फियाट 1100 चं ॲल्युमिनिअमचं. तापल्यावर ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. 10 मिलिमीटरचं भोक आणि बोल्ट दोन्ही 150 अंशांनी तापवले, तर भोक बोल्टपेक्षा सुमारे 0.016 मिलिमीटर जास्त मोठं होतं. केसाच्या जाडीचा हा साधारण चौथा हिस्सा, पण अडकलेल्या आट्यांना तेवढा पुरतो. म्हणून फियाटचं सगळं हेडच हळूहळू तापवण्यात अर्थ आहे. बीड आणि पोलाद मात्र जवळपास सारखेच फुगतात, तिथे सगळं एकदम तापवून हाती फारसं लागत नाही. तिथे फक्त बोल्ट तापला पाहिजे.

ॲल्युमिनिअमवर आणखी एक युक्ती चालते, घड्याळजींची जुनी : तुरटी. सियागंजच्या किराणा बाजारात मिळते तीच. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. गरम ठेवलं तर पोलादाला हळूहळू खातं, हायड्रोजनचे बुडबुडे येत राहतात. ॲल्युमिनिअमवर त्याच्या ऑक्साइडचा पापुद्रा असतो, त्याला या पाण्याचा फारसा उपद्रव होत नाही. कार्बोरेटरसारखा सुटा भाग, त्याचे पोलादी पुर्जे काढून, गरम द्रावणात बुडवून ठेवला, तर अडकलेला स्क्रू काही तासांत किंवा दिवसांत विरघळतो. आत मोडलेलं ईझी-आउटसुद्धा. बिडाच्या हेडवर हा प्रयोग करू नये, तुरटी स्क्रूबरोबर हेडही खाईल.

काहीच चाललं नाही तर स्पार्क इरोजन. 1943 मध्ये सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेंको या दांपत्याने ही पद्धत आणली. द्रवात बुडालेल्या इलेक्ट्रोडमधून ठिणग्या पडतात आणि एकेक ठिणगी धातूचा कण उडवते. धातू किती कडक आहे याच्याशी ठिणगीला घेणंदेणं नसतं. साचे बनवणाऱ्या टूलरूमकडे हे यंत्र असतं. खर्च होतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या आठ सिलिंडरच्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकी मोटारीसारख्या गाडीला तो शोभतो. फियाटसाठी आधी जुन्या बाजारात दुसरं हेड मिळतं का ते पाहावं.

तुकडा निघाल्यावर बहुतेकजण नवा स्टड घाईने आवळतात. आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण 90 टक्के घर्षणात जातो, नटाखाली आणि आट्यांमध्ये. बोल्टला ताणायला उरतो 10 टक्के. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचा लेप) लावलं की घर्षण घटतं, आणि पुस्तकातल्या कोरड्या आट्यांच्या आकड्याइतकाच जोर लावला तर बोल्ट बराच जास्त ताणला जातो. जोर कमी करायला हवा. आणि मॅनिफोल्डवर पोलादी नट लावूच नयेत, पितळी लावावेत. पितळ गंजत नाही, आणि पुढच्या वेळी जोर जास्त झालाच तर आटे नटाचे जातात, स्टड शाबूत राहतो.