घड्याळजी

घड्याळजी : घड्याळे घडविणारा, जुळविणारा व दुरुस्त करणारा कारागीर, मराठी वापरात बहुधा दुरुस्ती करणारा. ‘घड्याळ’ या शब्दाचे नाते २४ मिनिटांच्या घटिकेशी जोडले जाते, आणि मुहूर्तासाठी पाण्यात सोडलेले घटिकापात्र मराठी लग्नघरात परिचयाचे आहे. घड्याळजीची विद्या मात्र चक्रे, दाते व कमान (स्प्रिंग) यांच्या यांत्रिक घड्याळातून आली.

खिशातील घड्याळ भरवशाचे करणारी केसासारखी बारीक कमान कोणाची, हा या विद्येतील जुना वाद आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६७५ च्या आरंभी सर्पिल कमानीची रचना पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी घड्याळ करून देणारा तेथील कारागीर इझाक त्युरे यानेही श्रेयावर हक्क सांगितला. त्याच वर्षी लंडनचा घड्याळजी टॉमस टॉम्पियन याने राजा दुसरा चार्ल्स याच्यासाठी केलेल्या घड्याळावर, शोध इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचा व तो १६५८ चा, अशा अर्थाचा लॅटिन लेख होता. हूकचा हा दावा अनेकांना मागाहून रचलेला वाटे. २००६ मध्ये उजेडात आलेल्या त्याच्या हस्तलिखितातील १६७० च्या नोंदींमुळे त्याला बळ मिळाले. कमानीची कल्पना हूकला आधी सुचली असावी, पण रूढ झालेले सर्पिल रूप हायगेन्सचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्यक्ष कमान वळविणाऱ्या त्युरे व टॉम्पियन यांना या चर्चेत मिळणारी दुय्यम जागा न्याय्य म्हणता येत नाही.

वडोदऱ्यात सार्वजनिक घड्याळाचे ठळक उदाहरण म्हणजे रावपुऱ्यातील चिमणाबाई टॉवर (१८९६). सयाजीराव तिसरे यांच्या पहिल्या पत्नी, १८८५ मध्ये निवर्तलेल्या चिमणाबाई, यांच्या स्मरणार्थ तो उभारला गेला. देशी भाषेतून तांत्रिक शिक्षण देणारे कलाभवन याच शहरात १८९० मध्ये सुरू झाले होते.

येथील हवेत लंबकाच्या घड्याळाकडे ऋतूप्रमाणे लक्ष द्यावे लागते. लंबकाची दांडी पोलादी असेल, तर तापमान २० अंश सेल्सियसने वाढताच घड्याळ दिवसाला सुमारे १० सेकंद मागे पडते. दांडी लांब की आखूड याने या हिशेबात फरक पडत नाही. म्हणून उन्हाळ्यात लंबकाच्या वजनाखालचा नट किंचित आवळून वजन वर घेतात आणि थंडीत तो सैल करतात. घड्याळ नीट टांगलेले नसले की दोन ठोक्यांमधील अंतर कमीजास्त होते व ते लंगडल्यासारखे चालते. अशा वेळी लंबकाला ढकलणारी काडी अगदी थोडी वाकवायची, कान देऊन ऐकायचे, पुन्हा वाकवायची, असे ठोके समान पडेपर्यंत चालते. या कामी मापपट्टीचा उपयोग नसतो. कान तयार व्हायला वर्षे लागतात, आणि एकदा तयार झालेला कान कारागिराला आयुष्यभर घड्याळाजवळून हलू देत नाही.

जुन्या मनगटी यांत्रिक घड्याळात तासाला बहुधा १८,००० ठोके पडतात. त्यातील आसांची टोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक असल्याने तेलाचा थेंब जास्त झाला तरी घड्याळ बिघडते.

१९६९ मध्ये क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आले. पुढे गुजरातेतच मोरबी हे क्वार्ट्झच्या भिंतघड्याळांचे मोठे केंद्र झाले, आणि घड्याळजीच्या वाट्याला सेल व पट्टे बदलण्याचे काम अधिक येऊ लागले. चावीच्या जुन्या घड्याळांचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत. चक्राचा दाता तुटला, तर कारागीर तेथे खाच पाडतो, पितळेचा तुकडा बसवून डाख देतो आणि शेजारच्या दात्याशी ताडून पाहत कानशीने नवा दाता घडवितो.