वेब ॲप्लिकेशनमधील त्रुटी-हाताळणी

वेब ॲप्लिकेशन चालू असताना नेटवर्क तुटले, सर्व्हरने उत्तर दिले नाही, भरलेली माहिती चुकली किंवा प्रोग्राममध्येच दोष निघाला, तर काम कसे सावरायचे आणि वापरणाऱ्याला काय सांगायचे याची आधीच करून ठेवलेली तजवीज म्हणजे त्रुटी-हाताळणी. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला रस्ता प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या ताब्यात नसल्याने ही तजवीज टाळता येत नाही. मेळघाटातील धारणी-चिखलदरा किंवा गडचिरोलीतील भामरागड-एटापल्ली भागात रेंज येत-जात राहते आणि लाइन गेली की सेवा केंद्रातला संगणकही बंद पडतो. त्रुटीला अपवाद समजून केलेली रचना तिथे पहिल्याच दिवशी उघडी पडते.

सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत तीन आकडी स्थिती-क्रमांक पाठवतो. ४ ने सुरू होणारा क्रमांक मागणीतील चूक दाखवतो (४०४ : पान सापडले नाही), तर ५ ने सुरू होणारा सर्व्हरकडचा बिघाड (५०३ : सेवा तूर्त उपलब्ध नाही). ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत त्रुटी पकडण्याची ‘ट्राय-कॅच’ ही रचना १९९९ च्या मानकापासून आहे. २०१७ च्या मानकातील ‘असिंक-अवेट’मुळे ती नेटवर्कवरून उशिरा येणाऱ्या उत्तरांनाही सरळपणे लावता येऊ लागली. इथे एक फसगत वारंवार होते. सर्व्हरकडे मागणी पाठवणारे ‘फेच’ हे फंक्शन ४०४ किंवा ५०० आला तरी त्रुटी मानत नाही, नेटवर्कच तुटले तर मानते. त्यामुळे स्थिती-क्रमांक वेगळा तपासला नाही, तर नाकारला गेलेला अर्जही पडद्यावर ‘जमा झाला’ असा दिसू शकतो.

सर्वांत अवघड प्रसंग उत्तरच न येण्याचा. सोयाबीनचा विमा भरण्याची मुदत संपत आली आहे, केंद्राबाहेर रांग लागली आहे, चालकाने ‘सादर करा’ दाबले आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले. अर्ज वाटेतच अडकला, की तो नोंदला जाऊन फक्त पावती परतताना हरवली, हे ब्राउझरला कळायला मार्ग नसतो. पुन्हा दाबावे तर एकाच गट क्रमांकाचे दोन अर्ज होण्याची भीती, न दाबावे तर मुदत हुकण्याची. यासाठी ब्राउझरने प्रत्येक अर्जाला स्वतंत्र खूण द्यायची असते. तीच खूण घेऊन दुसरी मागणी आली की सर्व्हर नवी नोंद न करता आधीचीच पावती परत पाठवतो. आपोआप होणारे पुनःप्रयत्नही अशी खूण असेल तरच सुरक्षित ठरतात. ते १, २, ४, ८ सेकंद अशा वाढत्या अंतराने आणि प्रत्येक अंतरात थोडी यादृच्छिक भर घालून करावे लागतात. नाहीतर सगळ्या केंद्रांच्या मागण्या एकाच क्षणी येऊन आदळतात आणि सावरू लागलेला सर्व्हर पुन्हा बसतो.

संदेशाची भाषा हा यातला सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. बँकेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यात पाचव्या जागी शून्य असते. पासबुकावरून उतरवून घेताना तिथे इंग्रजी ‘ओ’ सहज टाइप होतो. ‘अवैध माहिती’ एवढेच सांगितले तर शेतकऱ्याला काहीच उमगत नाही. ‘पाचव्या जागी शून्य टाका, ओ नको’ हे वाक्य त्याच चौकटीखाली दिसले, तर दुरुस्ती लगेच होते. एका चुकीपायी सगळा फॉर्म कोरा करणारे पान तर ऐन हंगामात त्याचा दिवस बुडवते.

भरलेली माहिती ब्राउझरच्या ‘इंडेक्स्डडीबी’ या साठ्यात मसुदा म्हणून ठेवली, तर लाइन आल्यावर तिथूनच पुढे जाता येते. मात्र केंद्रातला संगणक साऱ्या गावाचा असतो. अर्ज नोंदला गेल्याची खात्री होताच आधार आणि खाते क्रमांकासह तो मसुदा पुसला गेला पाहिजे. दोषाचा तांत्रिक तपशील सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत जावा आणि पडद्यावर फक्त त्याचा संदर्भ क्रमांक यावा, म्हणजे केंद्रचालकाला फोनवर तेवढाच आकडा सांगून चौकशी करता येते. लॉगमध्येही आधार क्रमांक पूर्ण लिहू नये.